पाच उत्तरांचा एक प्रश्न

पाताळगंगेच्या कारखान्यांतली पाळी सुटली, की मोहोपाड्याचा बाजार भरून जातो. समजा, तिथे एक पाहणीवाला वही घेऊन उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यानं एवढंच विचारलं: एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे? खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट की खूप वाईट? रक्त काढायचं नाही, नाडी बघायची नाही. पंचविशीतला कामगार हसत ‘एकदम मस्त’ म्हणेल. वाशिवलीहून भाजी घेऊन आलेली साठीची मावशी म्हणेल, ‘हाय बरी.’ एवढ्यावरून काय कळणार?

कळतं ते थक्क करणारं आहे. १९७१ साली कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात ६५ वर्षांवरच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हा प्रश्न विचारला गेला. जाना मॉसी आणि एव्हलिन शापिरो या दोघींनी पुढे कोण जगलं, कोण गेलं हे तपासलं आणि १९८२ मध्ये निष्कर्ष छापले. स्वतःची तब्येत वाईट सांगणाऱ्यांना लवकर मरण येण्याचा धोका उत्तम सांगणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. वय, उत्पन्न आणि डॉक्टरी नोंदींतले आजार हिशेबात धरूनही हा फरक उरलाच! त्यानंतर देशोदेशी अशा पाहण्या झाल्या आणि बहुतेक ठिकाणी हेच दिसलं.

आपल्याकडेही दिसलं. पुणे जिल्ह्यातल्या वढूच्या परिसरात केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र २००२ पासून गावागावांतल्या जन्म-मृत्यूंची सलग नोंद ठेवतं. तिथे २००७ साली पन्नाशीपुढच्या सुमारे पाच हजार माणसांना जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासासाठी हेच विचारलं. पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूंच्या नोंदी त्या उत्तरांशी ताडून पाहिल्या. ज्यांनी तब्येत वाईट सांगितली होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अधिक होतं.

हे कसं होत असावं? मला पटणारं उत्तर असं, की माणूस हा प्रश्न ऐकताना नकळत मोठा हिशेब करतो. आई-वडील किती वर्षं जगले, जिना चढताना यंदा दम किती लागतो, झोप कशी येते, भूक कशी आहे, गेल्या वर्षीपेक्षा हातातलं बळ कमी झालं का. यातलं पुष्कळसं कुठल्याही केसपेपरवर येत नाही.

पण हा हिशेब ज्याच्या-त्याच्या मापानं होतो. गुडघे, कंबर, झोप यांच्या तक्रारी वयाबरोबर वाढत जातात. तरीही तेवढेच आजार असताना म्हातारी माणसं तब्येतीला तरुणांपेक्षा चांगले गुण देतात, कारण ती स्वतःला समवयस्कांशी ताडून पाहतात. त्यातले किती तरी तर आधीच गेलेले असतात.

आणि माप कधी फार क्रूरपणे घडवलेलं असतं. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये कोलकात्याजवळ सिंगूर भागात पाहणी झाली. तिथल्या विधुरांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपण आजारी किंवा जेमतेम असल्याचं सांगितलं. विधवांपैकी फक्त २.५ टक्क्यांनी. अमर्त्य सेन यांनी हे आकडे वारंवार पुढे आणले. विधवांची परिस्थिती काही विधुरांपेक्षा बरी नव्हती. तक्रार करण्याचा हक्क आपल्याला आहे, असं त्यांना वाटतच नव्हतं.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. तक्रार मात्र ५५ टक्क्यांनीच सांगितली होती. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. मॅनिटोबाचा आकडा वाचून मला या प्रश्नाचं अप्रूप वाटतं. पण तो कोणाला विचारला जातोय, हे गडचिरोलीचा आकडा विसरू देत नाही.

म्हणून संशोधकांनी एक सुंदर युक्ती काढली. आधी एका काल्पनिक माणसाची गोष्ट सांगायची: तो दोनशे मीटर सहज चालतो, पण किलोमीटरभर गेला की थकतो. याला चालायला किती त्रास आहे, सांगा बरं? गोष्ट सगळ्यांना तीच. पन्नाशीतला म्हणेल ‘बराच’, ऐंशीतला म्हणेल ‘त्रास कसला?’. उत्तरांतला हा फरक म्हणजे दोघांच्या मापांतला फरक. तो हाती आला, की दोघांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरं एका पातळीवर आणून ताडता येतात. वढूच्या त्या अभ्यासातही अशा गोष्टी वापरल्या गेल्या.