खिशातील फोन आणि हृदयाची नाडी

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पंचवीस-तीस किलोमीटरांवर, अभनपूर हे तहसिलीचे गाव आहे. सभोवती भातशेती, मोठी रुग्णालये व हृदयरोगतज्ज्ञ मात्र रायपुरात. अशा गावी मध्यरात्री एखाद्या गृहस्थाच्या छातीत कळ येऊ लागली, अंगाला दरदरून घाम सुटला, अशी कल्पना करावी. घरातील तरुण मुलगा वडिलांचे बोट आपल्या स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यावर ठेवतो. अर्ध्या मिनिटात पडद्यावर आकडा उमटतो : ७६. नाडी ठीक आहे, तेव्हा सकाळी पाहू, असे घरात ठरते. या ७६ आकड्यातून काय कळते व काय कळत नाही, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

वैद्य मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहतो ती स्पर्शाने. फोन ती प्रकाशाने पाहतो. फोनच्या पाठीवरील दिव्याचा प्रकाश बोटात शिरतो व त्याचा काही अंश परतून कॅमेऱ्यात येतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्ताची एक लाट येते. रक्त प्रकाश, विशेषतः हिरवा प्रकाश, शोषून घेते. त्यामुळे लाट आली की कॅमेऱ्याला बोट किंचित अंधारलेले दिसते व ती ओसरली की पुन्हा उजळते. हा भेद इतका अल्प असतो की तो नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही. कॅमेरा सामान्यतः सेकंदाला ३० चित्रे घेतो. मिनिटाला ७२ ठोके पडत असतील, तर एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत २५ चित्रे मिळतात, आणि ठोके मोजावयास तेवढी पुरेशी होतात.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील सेंट लुई येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० नंतरच्या दशकातच दिवा व प्रकाशविद्युत् घट यांच्या साहाय्याने त्वचेतील रक्ताची ही भरती-ओहोटी टिपली होती. फोनमुळे दिवा, घट आणि गणित करणारे यंत्र ही तिन्ही एका खिशात मावू लागली, इतकेच. वाचकांनी प्रयोग करून पाहावयास हरकत नाही. मात्र बोट फार दाबले तर रक्त मागे सरते व लाट नाहीशी होते. थंडीने गारठलेल्या किंवा हलणाऱ्या बोटावरही आकडा चुकतो. त्वचेचा रंग जितका गडद, तितका अधिक प्रकाश ती स्वतःच शोषते, ही गोष्ट आपल्या देशात तरी विसरून चालावयाचे नाही.

या पद्धतीचा खरा उपयोग ठोक्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या तालात आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे आकुंचन विस्कळित होऊन ते नुसते थरथरू लागले, तर ठोक्यांमधील अंतरात काही नियम उरत नाही. अशा कप्प्यांत रक्ताची गुठळी बनण्याचा व ती मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो. याच प्रकाशतत्त्वावर चालणाऱ्या मनगटी घड्याळाची अमेरिकेत मोठी पाहणी झाली. तिचा वृत्तांत २०१९ साली प्रसिद्ध झाला. ४,१९,२९७ लोकांपैकी २,१६१ जणांना घड्याळाने अनियमित तालाची सूचना दिली. त्यांतील ज्यांची नंतर छातीवर चिकटपट्टी लावून तपासणी झाली, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोकांत हा विकार तेव्हा आढळला. तो येतो-जातो, त्यामुळे उरलेल्या सर्व सूचना खोट्याच होत्या असे मात्र म्हणता येत नाही.

आता अभनपूरच्या त्या गृहस्थाकडे वळू. हृदयाच्याच स्नायूला रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीने बंद झाली, म्हणजे हृदयविकाराचा झटका येतो. पण त्या वेळीही हृदय ठोके देत असते, कित्येकदा अगदी नियमित, मिनिटाला ७६. बोटातील लाटेला रोहिणीतील अडथळ्याचा पत्ता नसतो. स्नायू मात्र अर्ध्या तासाच्या आसपास मरू लागतो व पुढील काही तासांत हानी वाढत जाते. तेव्हा त्या रात्री फोनचा उपयोग १०८ क्रमांक लावून रुग्णवाहिका बोलावण्यासाठी व्हावयास हवा होता.

अडथळ्याचा शोध घ्यावयाचा तर हृदयाची वीज मोजावी लागते. तिचा आलेख म्हणजे कार्डिओग्राम. लेडन येथील आइन्थोव्हेन यांनी १९०५ सालीच सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील इस्पितळातून दूरध्वनीच्या तारेने तो आपल्या प्रयोगशाळेत आणला होता. त्यांचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते व रुग्णास हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावेल असे यंत्र तयार केले आहे. ते बारा बाजूंनी आलेख काढते व मोबाइल फोनद्वारे दूरच्या डॉक्टरांकडे पाठविते. गोव्यात बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय केंद्रस्थानी ठेवून लहान रुग्णालयांतील आलेख तज्ज्ञांस दाखविण्याची व गुठळी विरघळविणारे औषध तेथेच देण्याची योजना सुरू झाली. यात पडद्यापेक्षा पडद्यापलीकडे जागा असलेला तज्ज्ञ महत्त्वाचा.

दोन बोटे टेकवून फोनवर आलेख काढणाऱ्या लहान पट्ट्याही मिळतात. त्या तालाची तपासणी चांगली करतात, परंतु हृदयाकडे एकाच दिशेने पाहतात. बारा बाजूंच्या आलेखासाठी हातापायांस चार व छातीवर सहा अशी दहा टोके लावावी लागतात. एवढे करूनही आरंभीचा आलेख कधी निर्दोष दिसतो. कळ चालूच असेल, तर डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा काढतात.