तीन गाड्या, एकच काम

रस्त्याने जाताना तुम्ही आगीचा लाल बंब पाहिला असेल. पोलिसांची गाडी पाहिली असेल. भोंगा वाजवत जाणारी रुग्णवाहिकाही पाहिली असेल. या तिघांची कार्यालये वेगळी, गणवेश वेगळे आणि शिक्षणही वेगळे. पण मोठे संकट आले की तिन्ही गाड्या एकाच दारात येऊन उभ्या राहतात. असे का होते? आग तर पाण्याने विझते, मग तेथे पोलीस आणि डॉक्टर कशाला हवेत?

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. रमजानचा महिना आहे. इफ्तारची वेळ जवळ आली आहे. गल्लीत खूप गर्दी आहे. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भजी तळताना कढईतले तेल पेटले. घाईघाईत कोणीतरी त्यावर पाणी ओतले. पाणी तेलापेक्षा जड असते. ते कढईच्या तळाशी गेले, क्षणात त्याची वाफ झाली आणि त्या वाफेने पेटलेले तेल चारी बाजूंना उडवले. पडदे पेटले. जिना धुराने भरला. तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध नानी अडकून पडल्या.

आता आगीचा बंब निघाला. पण गल्लीच्या तोंडाशीच हातगाड्या आणि स्कूटर उभ्या आहेत. बघ्यांची गर्दी जमली आहे. बंब आत जाणार कसा? येथे पोलिसांचे काम सुरू होते. ते वाहने हटवतात, गर्दी मागे सारतात आणि दोर बांधून जागा मोकळी करतात. लोक घर सोडून खाली धावले आहेत, दारे उघडी आहेत. त्या सामानावरही पोलीस लक्ष ठेवतात.

रस्ता मिळताच अग्निशामक दलाचे जवान कामाला लागतात. इमारतीची वीज बंद झाली की नाही, हे ते आधी पाहतात. कारण वीज चालू असताना पाण्याचा फवारा मारणे धोक्याचे असते. काही जवान आग विझवतात. काही जवान पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून धुरात शिरतात आणि नानींना उचलून बाहेर आणतात.

पण नानींना बाहेर आणले म्हणजे त्या वाचल्या, असे होत नाही. आगीत ज्वाळेपेक्षा धूरच अनेकदा जास्त घातक ठरतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. हा वायू शरीरात गेला की रक्ताला पुरेसा प्राणवायू वाहून नेता येत नाही. म्हणून जवान नानींना थेट रुग्णवाहिकेजवळ आणतात. तेथे त्यांना लगेच प्राणवायू दिला जातो.

जखमी अनेक असतील, तर कोणाला आधी न्यायचे हे रुग्णवाहिकेतील डॉक्टर ठरवतात. मोठ्याने ओरडणारा माणूस निदान श्वास तरी घेत असतो. जो गप्प पडला आहे, त्याच्याकडे आधी पाहावे लागते. रुग्णवाहिका निघाली की पोलीस पुन्हा रस्ता मोकळा करून देतात.

आता सांगा, नानींना कोणी वाचवले? पोलीस नसते, तर बंब गल्लीबाहेरच राहिला असता. जवान नसते, तर नानी धुरातच राहिल्या असत्या. डॉक्टर नसते, तर बाहेर आणूनही उपयोग झाला नसता. ही एक साखळी आहे. तिची एक कडी तुटली, तर उरलेल्या कड्यांची मेहनत वाया जाते.

या साखळीची पहिली कडी कोणती? ती म्हणजे खबर. हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. वेळेवर आणि खरी खबर न मिळाल्यास काय होते, हे मुंबईने एकदा पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि शेकडो टन दारूगोळाही होता. धोकादायक माल असल्याची खूण म्हणून अशा जहाजावर लाल निशाण लावावे लागते. ते लावलेले नव्हते. अग्निशामक दलाला खबर देण्यासही उशीर झाला. जवान आले आणि प्राणपणाने झुंजले. पण दुपारी चारनंतर जहाजाचा भयंकर स्फोट झाला. थोड्याच वेळात दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे मेली. आग विझवणारे ६६ जवान त्या दिवशी शहीद झाले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आज खबर देणे सोपे झाले आहे. पोलिसांसाठी १००, अग्निशामक दलासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. आता तिन्ही सेवांसाठी ११२ हा एकच क्रमांकही आहे. कोणता क्रमांक लावावा हे सुचले नाही, तर ११२ लावा.

फोन लागल्यावर काय सांगाल? आधी जागा सांगा: गल्ली, इमारत, मजला आणि जवळची ओळखीची खूण. मग काय घडले ते सांगा. कोणी अडकले आहे का, किती जण जखमी आहेत, तेही सांगा. पलीकडचा माणूस प्रश्न विचारील, त्याची उत्तरे द्या. त्याने सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका. गाडी येईपर्यंत एकाने गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे आणि वाट दाखवावी. गंमत म्हणून मात्र या क्रमांकांवर कधीही फोन करू नका. तुमच्या खोट्या हाकेसाठी धावलेली गाडी दुसऱ्या कोणाच्या तरी खऱ्या हाकेला उशिरा पोहोचेल.

मित्रांनो, तुम्ही जवान नाही, पोलीस नाही आणि डॉक्टरही नाही. तरीही या साखळीची पहिली कडी तुमच्या हातात आहे. मराठीच्या तासाला आपण आपला पत्ता सांगायला शिकतो. तो धडा केवळ परीक्षेसाठी नाही. आज घरी गेल्यावर आपल्या घराचा पूर्ण पत्ता मोठ्याने म्हणून पाहा. धाकट्या भावंडांकडूनही तो पाठ करून घ्या. संकटाच्या वेळी बोलताना भाषा थोडी चुकली तरी चालेल, पण पत्ता चुकता कामा नये.