विश्लेषण : ओव्हरक्लॉकिंगनंतर संगणक सुरू झाला, पण तो ‘स्थिर’ आहे का?

२०२४ च्या सुरुवातीला जगभरातील अनेक गेमर एका विचित्र संदेशाने हैराण झाले होते. गेम सुरू होता होता बंद पडायचा आणि ‘व्हिडीओ मेमरी संपली’ असे पडद्यावर दिसायचे. साहजिकच संशय ग्राफिक्स कार्डावर गेला. प्रत्यक्षात कार्डाच्या मेमरीत भरपूर जागा शिल्लक असायची. दोष निघाला प्रोसेसरमध्ये. गेमच्या दाबून लहान केलेल्या फाइल उलगडताना इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही महागडे प्रोसेसर चुकीचे उत्तर काढत होते आणि ती चूक पुढे भलत्याच नावाने समोर येत होती. यांतील अनेकांनी ओव्हरक्लॉकिंग केलेलेही नव्हते. पण वेग वाढवण्याच्या नादात संगणकाची ‘स्थिरता’ कशी हातातून निसटते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण नाही.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमके काय?

प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून ठरतो. पहिला ‘बेस क्लॉक’. आजच्या डेस्कटॉपमध्ये तो साधारण १०० मेगाहर्ट्झ असतो. दुसरा ‘मल्टिप्लायर’. १०० गुणिले ५० म्हणजे ५,००० मेगाहर्ट्झ, अर्थात ५ गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये जाऊन ५० चे ५२ करणे हे झाले ओव्हरक्लॉकिंग. मात्र प्रत्येक प्रोसेसर हे करू देत नाही. इंटेलमध्ये मॉडेलच्या नावात ‘के’ अक्षर असलेला प्रोसेसर आणि ‘झेड’ मालिकेतील मदरबोर्ड लागतो. एएमडीच्या रायझन मालिकेतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर खुले असतात, ‘५८००एक्स३डी’सारखे काही अपवाद वगळता, मदरबोर्ड ‘बी’ किंवा ‘एक्स’ चिपसेटचा हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पीसी जोडून घेताना ही अक्षरे आधीच पाहून घेतलेली बरी. कुलूपबंद प्रोसेसर नंतर खुला करून मिळत नाही.

फुकटचा वेग येतो कुठून?

सिलिकॉनच्या एकाच चकतीतून निघालेल्या सगळ्या चिप सारख्या नसतात. काही जास्त वेग झेपवतात, काही कमी. कंपनी त्यांची चाचणी घेऊन प्रतवारी लावते आणि प्रत्येक प्रतीत थोडी राखीव क्षमता ठेवून विकते. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याचा डोळा या राखीव क्षमतेवर असतो. १९९८ मधला इंटेलचा सेलेरॉन ३००ए याबाबतीत आजही आठवला जातो. ३०० मेगाहर्ट्झच्या या स्वस्त चिपचा बस-वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ती ४५० वर धावायची. दीडपट वेग, तोही एक रुपया न घालता!

ते दिवस संपले. २००८ मध्ये इंटेलने ‘टर्बो बूस्ट’ आणले आणि राखीव क्षमता कंपन्याच वापरू लागल्या. कोअर आय९-१४९००के हा प्रोसेसर खोक्यातून काढल्यावर काहीही न करता थोड्या वेळासाठी ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. त्यावर आणखी मिळवायचे तर हाती लागतात मोजके टक्के. केवळ गेमसाठी हे करायचे असेल, तर चांगल्या ग्राफिक्स कार्डावर घातलेला पैसा जास्त कामी येतो.

खुद्द कंपनीचाही अंदाज चुकू शकतो. एएमडीशी वेगाची शर्यत ऐन भरात असताना, जुलै २००० च्या अखेरीस इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ बाजारात आणला. विंडोज चालायचे, नेहमीच्या बऱ्याच चाचण्याही पार पडायच्या. पण काही परीक्षकांना त्यावर लिनक्सचे कर्नल कंपाइल करता येईना. हजारो फाइलींचे ते लांबलचक काम मध्येच कोलमडायचे. महिन्याभरात कंपनीला तो प्रोसेसर माघारी घ्यावा लागला.

व्होल्टेज वाढवले की काय होते?

ट्रान्झिस्टरला शून्याचा एक व्हायला थोडा का होईना, वेळ लागतो. घड्याळाचा पुढचा ठोका त्याआधीच पडला, तर चुकीचा आकडा पुढे जातो. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर चपळ होतो, म्हणून वेग वाढवणारे सगळे शेवटी व्होल्टेजकडे वळतात. अडचण अशी की, विजेचा वापर वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग ५ टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर १.०५ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे २७ टक्के जास्त वीज. १५० वॅट घेणारी चिप १९० वर जाते आणि ती सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते.

उष्णता कूलरने काढता येते, झीज भरून काढता येत नाही. इंटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या प्रोसेसरचे जे निदान मांडले, ते असेच होते. जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे कोअरमधील घड्याळाचे ठोके पोहोचवणारे सर्किट झिजत होते. परिणामी, तोच वेग टिकवण्यासाठी लागणारे किमान व्होल्टेज वाढत जात होते. म्हणजे विकत घेतले तेव्हा स्थिर असलेले यंत्र काही महिन्यांनी अस्थिर. ऑगस्टमधील बायोस अपडेटने १.५५ व्होल्टच्या पुढची मागणी रोखली. आधीच झिजलेल्या चिप मात्र त्याने दुरुस्त होणार नव्हत्या. म्हणून कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. एएमडीलाही २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यानंतर ‘एसओसी’ व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली होती.

त्यामुळे क्रम उलटा ठेवणे चांगले. आपल्या कूलरला झेपेल असे व्होल्टेज आधी ठरवायचे आणि त्यात जेवढा वेग बसेल तेवढा घ्यायचा. मल्टिप्लायर एकेकाने वाढवायचा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटांची चाचणी घ्यायची, आकडे वहीत लिहून ठेवायचे. या काळात रॅम मूळ वेगावरच असू द्यावी. दोन्ही एकदम वाढवले, तर चूक कोणाची हे शोधताना रात्र जाते.

स्थिर आहे हे ओळखायचे कसे?

विंडोज उघडले, अर्धा तास गेम खेळला, म्हणजे झाले असे मानणारे बरेच असतात. निळा पडदा आला तर एका अर्थाने नशीबच. निदान बिघाड तरी कळतो. खरा धोका न कोसळता चुकणाऱ्या संगणकाचा आहे. चुकीचा एखादा बिट फाइलमध्ये लिहिला गेला, तर बिघडलेला लग्नाचा फोटो किंवा न उघडणारी हिशोबाची फाइल सहा महिन्यांनी समोर येते. अस्थिर रॅम यात सर्वांत कुप्रसिद्ध. प्रयोग सुरू करण्याआधी बॅकअप घ्यायचा तो यासाठी.

म्हणून नुसता ताण देणारे नव्हे, तर उत्तर तपासणारे सॉफ्टवेअर हवे. ‘प्राइम९५’ मुळात मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिले गेले. त्या गणितात एक चूकही चालत नाही, त्यामुळे त्यातील ‘टॉर्चर टेस्ट’ आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी पडताळा घेते आणि फरक आढळला की तो भाग थांबवून तसे सांगते. ‘ओसीसीटी’ही चुका पकडते. रॅमसाठी ‘मेमटेस्ट८६’ पेनड्राइव्हवरून चालवता येते. शेवटच्या जोडणीवर ही चाचणी रात्रभर सोडावी. दहा मिनिटांचे ‘सिनेबेंच’ हे स्थिरतेचे प्रमाणपत्र नाही.

इथे दोन फसगती नेहमी होतात. पहिली तापमानाची. ठरावीक मर्यादेला, १४९००के मध्ये १०० अंश सेल्सिअस, तर अनेक रायझन ७००० मध्ये ९५ अंशांना, प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. चाचणी पार पडते, पण ती कमी वेगाची असते. त्यामुळे ‘एचडब्ल्यूइन्फो’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये तापमानासोबत प्रत्यक्ष वेगही पाहावा लागतो. दुसरी फसगत हलक्या कामाची. सर्व कोअर राबत असताना वेग तुलनेने कमी असतो. एकच कोअर कामात असला की तो सर्वांत उंच उडी घेतो. रायझनमध्ये ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ने व्होल्टेज फार कमी केलेले पीसी म्हणूनच रात्रभराची चाचणी सोसतात आणि सकाळी नुसते ब्राउझर उघडताना रिस्टार्ट होतात. एकेका कोअरची वेगळी चाचणी घ्यायला हवी. काहीच कोसळले नाही, तरी विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या नोंदी शोधाव्यात. हार्डवेअरने चूक झाकून नेली असेल, तर तिथे ती सापडू शकते.

उन्हाळ्याचे काय?

कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. महागडा वॉटर कूलरही नाही. जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत ७८ अंशांवर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात एसी नसलेल्या ४० अंशांच्या खोलीत साधारण ९४ वर जाईल. विदर्भ-मराठवाड्यात हिवाळ्यात केलेली जोडणी एप्रिलमध्ये पुन्हा तपासावी लागते.

वॉरंटीचे गणित काय?

निर्धारित मर्यादेपलीकडे चालवल्याने झालेले नुकसान इंटेल आणि एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही. रॅमचा वेग वाढवणारी ‘एक्सएमपी’ आणि ‘एक्सपो’ ही एका क्लिकची सोयदेखील कंपन्यांच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच असते. अनेकांना याचा पत्ता नसतो. ज्यांना ही जोखीम नको, त्यांना उलट दिशेचा ‘अंडरव्होल्टिंग’चा पर्याय आहे. वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडे उतरवायचे. चिप थंड राहते आणि उष्णतेमुळे अडकणारा टर्बो जास्त वेळ टिकतो. चाचण्या मात्र त्याही बाबतीत वरच्याच घ्याव्या लागतात.

आणि बदल केल्यावर पीसी सुरूच झाला नाही, तर घाबरून दुकान गाठण्याचे कारण नाही. बहुतेक मदरबोर्डवर ‘क्लिअर सीमॉस’चे बटण किंवा जंपर असतो. तो नसल्यास वीज पूर्ण बंद करून, प्लग काढून, बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवली की बायोस सहसा मूळ आकड्यांवर परत येते.