मृत स्नायूची चुंबकीय साक्ष



मृत्यु म्हणजे एका क्षणांत घडणारी घटना, अशी आपली समजूत असते. व्यवहारास ती पुरेशी आहे. परंतु स्नायूंस ती लागू पडत नाहीं. श्वास थांबला, हृदय थांबलें, तरी स्नायूंतील रासायनिक उलाढाल कांहीं तास चालूच राहते. एम्. आर्. आय्. यंत्रानें मृत स्नायूचें मोजमाप घेणारास ही गोष्ट विसरून चालत नाहीं.

हें यंत्र मोजतें तरी काय? स्नायूचा सुमारें तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. त्या पाण्यांतील हायड्रोजनचे अणुगर्भ प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रांत भोंवऱ्यांप्रमाणें डोलतात. रेडिओलहरींचा धक्का दिला कीं ते आपली स्थिति सोडतात आणि मग पूर्वपदावर येतात. त्यास किती अवधि लागला, हें यंत्र टिपून घेतें. पाणी मोकळें असेल तर अवधि अधिक; तंतूंत जखडलेलें असेल तर कमी.

मरणानंतर प्राणवायूचा पुरवठा तुटतो. तेव्हां स्नायु फॉस्फोक्रिएटिन ही आपली गंगाजळी मोडून ए. टी. पी. नांवाचें शक्तिद्रव्य कांहीं काळ टिकवितो. गंगाजळी सरली म्हणजे तेंहि घटूं लागतें. इकडे ग्लायकोजनपासून लॅक्टिक आम्ल होऊन सांठतें. ए. टी. पी. संपल्यावर अ‍ॅक्टिन व मायोसिन हे तंतु एकमेकांस सोडीत नाहींत आणि प्रेत ताठतें. तंतूंची जाळी आंवळली जाऊन तींतील कांहीं पाणी बाहेर पिळलें जातें; साहजिकच यंत्राचे आंकडे बदलतात. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं १९७४ सालीं उंदराच्या पायाचा नुकताच काढलेला स्नायु तपासून, त्यांतील फॉस्फरसच्या संकेतांवरून ही घट प्रत्यक्ष पाहिली.

दुसरें कारण उष्णमानाचें. पाण्याचे रेणू ३७ अंशांवर ज्या गतीनें इतस्ततः पसरतात, तिच्या निम्म्याहून कमी गतीनें ते ५ अंशांवर पसरतात. शीतगृहांतील देहाची प्रतिमा म्हणूनच जिवंत देहाच्या प्रतिमेहून निराळी दिसते.

हा केवळ प्रयोगशाळेंतील काथ्याकूट नव्हे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथें २००० सालाच्या सुमारास, चिरफाड न करतां यंत्राच्या साहाय्यानें मृत्यूचें कारण शोधण्याचा उपक्रम सुरू झाला. ज्या घरास चिरफाड असह्य वाटते, त्यास हा केवढा दिलासा! पण थंडीनें पडलेला फरक कोणी दुखापतीची खूण म्हणून वाचला, तर निरपराध माणूस गोत्यांत येईल. आणि खरी दुखापत मरणोत्तर फरक म्हणून सोडून दिली, तर अपराधी सुटेल.

म्हणून प्रत्येक आंकड्याशेजारीं दोन नोंदी हव्यातच: मरणानंतर किती तास लोटले, आणि मोजतांना स्नायूचें उष्णमान किती होतें. त्यांवांचून तो आंकडा म्हणजे तारीख नसलेलें पत्र होय. मजकूर खरा असतो. पण तो केव्हांचा, हें वाचणारास कळत नाहीं.