चुकारा, मोह, तेंदू: नव्या वर्षाचे संकल्प हंगामाला बांधताना

एटापल्लीत जानेवारी उजाडतो तेव्हा धान मळून झालेला असतो. कुणाचा खरेदी केंद्रावर गेलेला असतो, तर कुणी चुकाऱ्याची, म्हणजे विकलेल्या धानाच्या पैशाची, वाट बघत असतो. सूरजागडला ठाकूरदेवाची यात्राही याच दिवसांत भरते. वर्षाचा विचार करायला वेळ चांगली आहे, पण 'दर महिन्याला पाचशे रुपये टाकीन' हा संकल्प पगारदाराच्या घरचा आहे. आपल्याकडे पैसा हंगामाने येतो: आधी धान, मग मोह, मग तेंदू. संकल्पही त्याच खुंट्यांना टांगावा लागतो.

हे मी ठेच लागून शिकलो. एका जानेवारीत चुकारा आला, त्या भरात डाकघरात आवर्ती ठेव उघडली. आवर्ती ठेव म्हणजे पाच वर्षं दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची आणि शेवटी व्याजासह एकत्र घ्यायची. जूनपर्यंत हप्ते भरले. पुढे खतं आली, मुलांची शाळा आली, नाल्यांना पूर आला. चार हप्ते चुकले आणि खातं खंडित झालं. माझी इच्छा कमी पडली नव्हती. हप्त्याची तारीख आणि हातात पैसा असण्याची तारीख, या दोन्हींची गाठच पडत नव्हती.

म्हणून पहिली पायरी वहीची. एका पानावर बारा महिने लिहा. प्रत्येक महिन्यासमोर डावीकडे येणारा पैसा, उजवीकडे जाणारा. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे, म्हणजे दहा क्विंटलचे २३,६९० रुपये. त्यातून उसनवारी, ट्रॅक्टरचं भाडं, मळणी वजा करून उरेल तोच आकडा डावीकडे लिहा. इथे बहुतेकांची चूक होते. आपण पूर्ण चुकारा आपलाच धरतो, त्यावर संकल्प करतो आणि होळीपर्यंत संकल्प संपतो.

दुसरी पायरी लहान आहे, पण ती आधी उरकून घ्या. चुकारा जमा झाला की ४५६ रुपये खात्यातच राहू द्या, काढू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये आणि जीवनज्योती विमा योजनेचे ४३६ रुपये, असा तो हिशेब आहे. पहिली योजना १८ ते ७० वयाच्या लोकांसाठी, अपघाती मृत्यूला दोन लाख देणारी. दुसरी १८ ते ५० वयात घेता येते आणि मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी दोन लाख देते. मात्र नवीन नाव नोंदवलं असेल तर पहिले तीस दिवस फक्त अपघातच धरला जातो. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे मेअखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात.

आणि मेअखेर आपली स्थिती काय असते? माणसं तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं जमा करण्याच्या जागी, मजुरी अजून हातात नाही, खात्यात शंभर-दीडशे. पैसे कापले जात नाहीत आणि विमा गुपचूप बंद पडतो. घरच्यांना ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून हे पैसे जानेवारीतच बाजूला ठेवायचे. सोबत अर्जातलं वारसाचं नाव एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

सुरक्षा विम्यात साप चावून किंवा झाडावरून पडून झालेला मृत्यूही येतो, हे आपल्या भागात प्रत्येक घराला माहीत असायला हवं. अट एवढी, की मृत्यूचं कारण दवाखान्याच्या तेव्हाच्याच कागदावर लिहिलेलं असावं. साप चावल्यावर माणसाला आधी पुजाऱ्याकडे नेण्यात वेळ गेला, तर जीवही जातो आणि कागदही राहत नाही. थेट दवाखाना गाठा.

तिसरी पायरी बचतीची, आणि ती तेंदूची मजुरी हातात येईल त्या दिवसाची. फळीवरचा हिशेब आपल्याला पाठच असतो: सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. घरच्यांनी मिळून किती पुडे केले ते रोज त्याच वहीत लिहा, म्हणजे हाती येणारा आकडा आधी कळेल. आता डाकघराचा एक नियम फार उपयोगी पडतो, पण तो क्वचितच कुणी सांगतं. आवर्ती ठेवीचे हप्ते आगाऊ भरता येतात. बारा हप्ते एकदम भरले, तर दर शंभराच्या हप्त्यामागे ४० रुपये सूट मिळते. सहा भरले तर १० रुपये. दोनशेचा हप्ता असेल तर वर्षाचे २,४०० होतात, सूट ८० रुपये, भरायचे २,३२०. मग वर्षभर पुराची चिंता नाही आणि हप्ता चुकायची भीती नाही. पाच वर्षं असं चाललं, तर ६.७ टक्के दराने १४,२७० रुपयांच्या आसपास हातात येतात.

ग्रामसभेकडून रॉयल्टीचा बोनस मिळतो, तो या हिशेबात धरू नका. तो येतो तेव्हा येतो. आला की लग्न, घराची डागडुजी असल्या मोठ्या कामाला लावावा.

मोहाबद्दल थोडक्यात. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांकडेच फुलं असतात, त्यामुळे भाव पडलेला असतो. चांगली वाळवून पोत्यात भरली, ओल लागू दिली नाही, तर पावसाळ्यात भाव सुधारतो. सगळी नको, एक पोतं राखून बघा.

आता तब्येतीकडे येऊ, आणि ते खर्ऱ्यापासूनच सुरू करावं लागेल. पानठेल्यावर आपण सगळ्यांनी बघितलंय: प्लास्टिकच्या तुकड्यावर सुपारी, तंबाखू, चुना, आणि मग ते घासण्याचा तो खरखर आवाज. एक खर्रा वीस रुपयांना धरा. रोज दोन म्हणजे वर्षाचे १४,६०० रुपये. पाच वर्षं हप्ते भरून जी ठेव मिळते, तिच्याहून जास्त पैसा एका वर्षात थुंकून टाकला जातो. आणि एका खर्ऱ्याच्या किमतीत वर्षाचा अपघात विमा होतो.

आज आरशासमोर उभं राहून एक तपासणी करा. तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. जात नसतील तर सुपारीने गालाची आतली कातडी आखडायला लागली आहे. तिखट खाताना आग होत असेल तरी तेच लक्षण. दुखत नाही म्हणून थांबू नका, ग्रामीण रुग्णालयात तोंड दाखवा. हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो.

'१ जानेवारीपासून बंद' हा संकल्प बहुधा चौथ्या दिवशी मोडतो, कारण पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो. चिडचिड होते, झोप उडते, डोकं धरतं. हे दोन ते चार आठवड्यांत ओसरतं, हे आधीच माहीत असलं तर माणूस टिकतो. तारीख ठरवताना यात्रा-लग्नाचे दिवस टाळा, घरात सांगा आणि खिशात भाजलेले चणे ठेवा. आपल्या जिल्ह्यात दारू-तंबाखूमुक्तीसाठी २०१६ पासून 'मुक्तिपथ' उभं राहिलं, त्यांच्या लोकांशी बोला. १८००-११-२३५६ ही सरकारची फुकट मदतवाहिनीही आहे. एखाद्या दिवशी घसरलात, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. वाचलेले वीस रुपये मात्र त्याच संध्याकाळी डब्यात टाका. डबा भरताना दिसला पाहिजे.

तापाचा संकल्प एकच: ताप आला त्याच दिवशी आशाताईकडे रक्ततपासणी. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत हिवताप कळतो. चूक होते ती औषधात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या घरात तशाच पडून राहतात. हिवतापाच्या एका प्रकारात चौदा दिवस गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर यकृतात दडलेले जंतू काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. औषध लावलेली मच्छरदाणी मासे धरायला वापरू नका. नाल्यावर आपटून धुवूही नका, औषध निघून जातं आणि मासेही मरतात. घरात कुणाची सिकलसेल तपासणी राहिली असेल तर ती या वर्षी करून टाका. ती आयुष्यात एकदाच लागते, आणि लग्न जुळवताना तिचं कार्ड उपयोगी पडतं.

शेवटचं काम पोळ्याचं. त्या दिवशी बैल सजवून झाले की वही काढून बघा. विम्याचे पैसे कापल्याची नोंद पासबुकात आहे का? डब्यात किती जमलं? तीन बोटं जातात का? तेंदूच्या वेळी आगाऊ हप्ते भरायचे राहिले असतील आणि चार हप्ते चुकले असतील, तर खातं पुन्हा चालू करायला दोन महिन्यांची मुदत असते. पूर ओसरलेला दिवस बघून पासबुक घेऊन डाकघरात जा.