आमच्या घरची भाकर

परगांवचा पाहुणा बाळापुरास आला म्हणजे आम्ही त्यास मोठ्या हौसेनें मन आणि म्हैस या नद्यांच्या बेचक्यांतील किल्ला दाखवितों. एलिचपूरच्या इस्माईलखान नबाबानें तो १७५७ सालीं पुरा केला हें सांगतों. नदीकांठच्या मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीपर्यंत त्यास नेतों. मग तो पाहुणा घरीं येऊन जी भाकर खातो, तिजविषयीं मात्र आम्ही अवाक्षरहि काढीत नाहीं. रोजच्या वस्तूचें कौतुक कोण करणार? तथापि आज तिच्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वऱ्हाडांत भाकर म्हणजे ज्वारीची. प्रभूच्या प्रार्थनेचें मराठी भाषांतर करणाऱ्यांनीं रोजच्या अन्नासाठीं पोळी किंवा भात न म्हणतां भाकर हाच शब्द घातला, यांत त्यांची या देशाशीं असलेली ओळख दिसून येते. ही भाकर करणें दिसतें तितकें सोपें नाहीं. गव्हाची कणीक भिजविली असतां तिच्यांत एक चिवट द्रव्य तयार होतें. तें ताणलें जातें, म्हणून पोळी लाटतां येते. ज्वारींत तें द्रव्य नाहीं. यासाठीं पिठांत कढत पाणी घालावें लागतें. उष्णतेनें पिठांतील सत्त्व फुगून चिकट होतें आणि गोळा एकजीव होतो. पीठ जुनें होऊन त्याची विरी गेली, कीं कितीहि मळा, भाकरीच्या कडा फाटतात. म्हणून पूर्वीं पहाटे जात्यावर त्या दिवसापुरतेंच दळण होत असे. जुन्या बायांस पहाटे उठण्याची हौस होती असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं हें कारण ध्यानांत घ्यावें.

थापतांना गोळा परातींत सारखा फिरत राहिला पाहिजे. अडला कीं भाकर मोडली. पिठाची बाजू वर येईल अशी ती तव्यावर टाकून लगेच वरून पाण्याचा हात फिरवितात. हें पाणी वरचा भाग एकदम वाळूं देत नाहीं. नाहीं तर त्यास भेगा पडून आंतली वाफ निसटून जाते. पुढें ती उलटून चुलीच्या तोंडाशीं आरावर धरिली म्हणजे कोंडलेली वाफ पापुद्रा उचलते आणि भाकर टम्म फुगते. आतां बहुतेक घरीं गॅसच्या ज्योतीवर हेंच काम होतें.

तिच्याबरोबर तुरीचें वरण, झुणका, ठेचा, जवसाची चटणी आणि पावसाळ्यांत अंबाडी. अंबाडीचा आंबट पाला शिजवून त्यांत ज्वारीच्या कण्या व डाळ घालावी, वरून लसणाची फोडणी द्यावी. यापरतें सुग्रास आम्हांस ठाऊक नाहीं. याच झाडाच्या खोडाचा वाख काढून शेतकरी दोर वळीत. भाकर-वरणाची जोडीहि केवळ चवीची नव्हे. शरीराच्या वाढीस लागणारें लायसिन ज्वारींत तोकडें असतें, तें तुरींत भरपूर असतें. एकाची उणीव दुसरें भरून काढतें. आमच्या आजीबाईंनीं रसायनशास्त्र वाचिलें नव्हतें, पण शेतांत तुरीच्या ओळी असतच.

बंगाल्यांत गेलें तर सगळेंच निराळें वाटतें. तेथें भात आणि मासळी, मोहरीचें तेल; फोडणीस मेथी, जिरें, मोहरी, कलौंजी व बडीशेप अशीं पांच बीजें; जेवणाचा आरंभ कडू भाजीनें. परंतु स्वयंपाकघरांत डोकावावें तर त्यांची बोंटी म्हणजे आपल्या विळीचें सख्खें भावंड, तीहि पायानें दाबूनच चालविण्याची. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीस तेथें जांवयास जेवूं घालतात. आपल्याकडे तो मान अधिक महिन्यांत मिळतो. आणखी एक साम्य आहे, तें सांगतांना संकोच वाटतो. तेथेंहि आणि येथेंहि घरची बाई सर्वांमागून जेवत आली आहे. तोंवर वरणांत पाणी वाढलेलें असतें आणि भाजीच्या भांड्याला नुसता मसाला लागलेला असतो. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. याचीं कारणें अनेक आहेत. पण मागून जेवण्याची ही रीत त्यांत नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं.

भाकरीवर वाईट दिवसहि येऊन गेले. १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस विलायतेस मिळेना, तेव्हां आमच्या कपाशीस सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत आगगाडी नागपुरास पोंचली. गांठीं बाहेर गेल्या, पैसा आला. पण ज्या पेंवांत ज्वारी भरून ठेवीत तीं रितीं होत चाललीं. १८९९ सालीं पाऊस दगावला, कापूस आणि ज्वारी दोन्ही बुडालीं. विकत घ्यावी तर ज्वारी महाग, आणि हातांत मजुरी नाहीं. बंगाल्यांत १९४३ सालीं भाताची हीच गत झाली व सुमारें तीस लक्ष माणसें मेलीं असा अंदाज आहे.

पुढें १९६४ मध्यें संकरित ज्वारी आली. कणसें भरघोस, परंतु दाणे पावसांत सांपडले कीं काळे पडत. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीननें ज्वारीची बरीच जागा घेतली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें घरोघरीं स्वस्त गहूं व तांदूळ पोंचले, हें चांगलेंच झालें. पण त्यामुळें गरिबाच्या घरीं पोळी आणि सुखवस्तूच्या घरीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें भाकर, असा उलटा देखावा दिसूं लागला आहे. २०२३ हें वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें म्हणून पाळिलें.

आमचे पुरुष वर्षांतून एकदां शेतांत गोवऱ्यांवर रोडगे भाजतात आणि त्याच्या गोष्टी वर्षभर सांगतात. ज्यांस रोडगा साधतो त्यांस भाकर न साधावी असें कांहीं नाहीं. येत्या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांनीं, मुलांनीं सुद्धां, एक वेळ परात पुढें घेऊन पाहावी. पहिली भाकर नकाशासारखी होईल. ती आपणच खावी, आणि दुसरी चांगली उतरली तर ती आईला गरम असतांनाच वाढावी.