गोष्ट संपल्यावर

1992-93च्या दंगलींनंतर धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी दुरावलेल्या माणसांना पुन्हा बोलते करण्याचे काम केले. त्यांच्यावरचा ‘नाता’ हा अंजली मोंतेरो व के. पी. जयशंकर यांचा 2003चा माहितीपट मी तरुणांच्या शिबिरांत अनेकदा दाखवला आहे. एका शिबिरात माहितीपट संपला, टाळ्या झाल्या आणि मी लगेच चहाची सुट्टी जाहीर केली. बाहेर आलो, तर एकाच गावातून आलेली दोन समाजांची मुले दोन कोपऱ्यांत उभी होती. महिन्यापूर्वीच त्यांच्या गावात दगडफेक झाली होती. माहितीपट मनाला भिडला, असे जवळपास प्रत्येकाने येऊन मला सांगितले. एकमेकांना मात्र कोणीच काही सांगितले नाही.

मग गोष्टीने बदलते ते नेमके काय? या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर रवांडातून आले.

1994 साली तिथे तुत्सींचा वंशसंहार झाला. सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली आणि आरटीएलएम या रेडिओ केंद्राने त्या आगीत तेल ओतले. दहा वर्षांनी, 2004 मध्ये, त्याच माध्यमातून ‘मुसेकेवेया’ ही श्रुतिकामालिका सुरू झाली. नावाचा अर्थ ‘नवी पहाट’. तिच्यात हुतू-तुत्सी असा थेट उल्लेख नव्हता. गोष्ट होती दोन टेकड्यांवरच्या दोन काल्पनिक गावांची. जमीन अपुरी पडते, एका गावाला झुकते माप मिळते, चिथावणीखोर पुढारी होतात आणि हल्ला होतो. दोन गावांतले शेमा आणि बातामुरिझा हे प्रेमिक मात्र दोन्हीकडच्या तरुणांना एकत्र करून शांततेसाठी उभे राहतात.

एलिझाबेथ लेव्ही पलक या संशोधिकेने वर्षभर या मालिकेचा परिणाम अभ्यासला. काही वस्त्यांतल्या गटांना ही मालिका एकत्र बसवून ऐकवली, तर काहींना आरोग्यविषयक मालिका. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. श्रोत्यांची वैयक्तिक मते फारशी बदलली नव्हती. बदलली होती ती ‘आपल्यात काय चालते, काय बोलावे’ याविषयीची समजूत. पटत नसेल तर गप्प बसू नये, आपल्या वस्तीत अविश्वास आहे हे उघड म्हणावे, असे मानणारे वाढले होते.

अभ्यासाच्या शेवटी गटांना मालिकेच्या कॅसेटी आणि टेपरेकॉर्डर भेट दिले. ते कोणाकडे ठेवायचे? आरोग्य-मालिकेच्या गटांत बहुधा स्थानिक अधिकाऱ्याकडे सोपवून विषय मिटला. ‘मुसेकेवेया’ ऐकलेल्या गटांत कोणीतरी हरकत घेतली, वाद झाला आणि सर्वांनी मिळून सांभाळायचे ठरले. ज्या देशात वरून आलेला हुकूम मुकाट्याने पाळण्याची इतकी भयंकर किंमत मोजावी लागली, तिथे ही हरकत लहान नव्हती.

हा एका वर्षाचा अभ्यास आहे. त्यावरून हिंसा थांबते, असे म्हणता येणार नाही. पण माझी चूक त्याने दाखवली. एकट्याने पाहिलेली गोष्ट मनात राहते. इतरांच्या देखत पाहिली आणि तिच्यावर बोलणे झाले, तर शेजारच्यालाही आपल्यासारखेच वाटते हे कळते. दंगलीच्या आधी नेमकी हीच माहिती तरुणांकडे नसते. ‘सगळे आपल्याच विरुद्ध आहेत’ या समजुतीवर जमाव उभा राहतो.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 2015 मध्ये ठराव 2250 संमत करून शांततेच्या कामात तरुणांचा सहभाग मान्य केला. माझ्या शिबिरात त्याचा अर्थ एवढाच, की आता चर्चा मी चालवत नाही. माहितीपटानंतर तासभर मोकळा ठेवतो; प्रश्न मुलेच ठरवतात. मध्यंतरी एका मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, “त्या दिवशी दगड मारायचे नाहीत असे कोणाकोणाला वाटत होते?” बराच वेळ कोणी हलले नाही. मग दोन्ही बाजूंनी हात वर आले.

चहा त्या दिवशी थंड झाला.